टॅन्सीचं पथ्य

९ ऑक्टोबर, मंगळवार

काल संध्याकाळी साडेसहाला आमची मुंगसासारखी लांबट फेरेट, टॅन्सी, स्वयंपाकघरात चालता चालता थांबली आणि भिंतीकडे बघत राहिली. हाक मारली तरी वळली नाही. तोंडातून लाळ गळत होती आणि पुढच्या पंजाने ती तोंड खरवडत होती, आत काहीतरी अडकल्यासारखी. मग मागचे पाय लुळे पडले. उचलली तर ओल्या मोज्यासारखी हातावर लोंबली.

आज सकाळी टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात डॉ. मीरकडे नेली. ही पोरगी ब्रॅडफर्डची. चाळिशीसुद्धा गाठलेली नाही, पण हात माझ्या नवऱ्यासारखे, क्लेमसारखे. फेरेटला मानेमागे कुठे धरायचं हे तिला सांगावं लागत नाही. तिने रक्त काढलं, आत गेली, बाहेर आली.

"आल्डरसनबाई, हिच्या स्वादुपिंडात गाठ आहे. साखर दोन पूर्णांक सहा. निदान चार तरी हवी होती."

"म्हणजे मधुमेह?"

"नेमका उलटा. माणसाची साखर चढते, हिची कोसळते. ऑपरेशन मी सुचवणार नाही, हृदयाची धडधड मला आवडलेली नाही. भूल सोसायची नाही तिला. काय खाते?"

"मांजराचं कोरडं खाणं. पिशवीतलं."

"त्यात केवढं तरी पीठ असतं. फेरेटच्या पोटाला पीठ झेपत नाही. पोटात पीठ गेलं की साखर चढते, ती गाठ चेकाळते आणि चढलेली साखर दुप्पट खाली आपटते. हिला मांस हवं. कच्चं, हाडासकट, दिवसा दर चार तासांनी."

गाठ जाईल का, असं मी विचारलं. नाही, म्हणाली. तोंडदेखलं बोलली नाही, हे मला बरं वाटलं. कच्च्या मांसाचं नाव काढलं की तिच्याच धंद्यातले बरेच जण नाक मुरडतात, हेही तिने सांगितलं. हात धुवायचे, भांडी वेगळी ठेवायची. गोळ्यांऐवजी पातळ औषध दिलं आहे, सकाळ-संध्याकाळ.

"महिनाभर बघू," म्हणाली. "झटके थांबले तर उत्तम. नाही थांबले तर आपण दोघींनी बसून वेगळं बोलू."

वेगळं म्हणजे काय ते मी विचारलं नाही. क्लेमच्या वेळी इस्पितळातल्या डॉक्टरनेही असंच म्हटलं होतं.

तिने एक छापील तक्ता दिला: वेळ, खाणं, वजन, झटका. तो फ्रीजवर लावला. ही वही मी आपली विकत आणली. तक्त्यात मनातलं लिहायला जागा नाही.

दुपारी टॅन्सी जरा सावरली. चारला चहाच्या वेळी कोचावर चढून आली आणि नेहमीचं अर्धं बिस्किट खाल्लं. भूक आहे म्हणजे.

११ ऑक्टोबर

गावातल्या खाटकाकडून ससा आणला. सोललेला होता, पण डोकं होतं आणि डोळे उघडे. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती आमच्या. क्लेम दर शनिवारी ससे घेऊन यायचा, तरी मी एकदाही सशाला सुरी लावली नाही. तो सोलायचा, तोडायचा, फेरेटना घालायचा. मी फक्त माझ्या पातेल्यात पडेल तेवढाच ससा ओळखते.

तर मी तो पातेल्यातच टाकला. उकडला. कच्चं द्यायला मन होईना, शिजवलेलं तिला हलकंही पडेल असं वाटलं. मग सहज डॉ. मीरला फोन केला, हाडं केवढी मोठी ठेवायची ते विचारायला.

"उकडलीत? आल्डरसनबाई, एक तुकडा तरी दिलात का?"

"अजून नाही."

"देऊ नका! शिजलेलं हाड काचेसारखं फुटतं. आतडं फाडेल. कच्चं हाड मऊ असतं, ते चावलं जातं."

पातेलं बाजूला ठेवलं. मग कांदा आणि गाजर घालून मीच खाल्लं. बऱ्याच दिवसांत काही शिजवलं नव्हतं. चांगलं लागलं. वाडगाभर खाऊन पुन्हा घेतलं.

टॅन्सीने आज फक्त औषध घेतलं आणि चारचं बिस्किट. सात वाजता पाय पुन्हा लुळे पडले. हिरड्यांना थेंबभर मध चोळला, तसं डॉ. मीरने शिकवलं आहे, पण फक्त अशाच वेळी.

१३ ऑक्टोबर, शनिवार

सेप गार्बट आला होता. क्लेमचा जोडीदार. तीस वर्षं दोघं मिळून कुरणांत सशांच्या बिळांवर जाळी लावायचे आणि फेरेट आत सोडायचे. अंत्यविधीनंतर त्याचं येणं कमी झालं होतं. रस्त्यात भेटला तर टोपीला हात लावायचा आणि पुढे जायचा. टॅन्सीचं दुखणं त्याला दुकानात कळलं म्हणे. हातात कागदात गुंडाळलेला ससा.

"जाळीतला आहे," तो म्हणाला. "खाटकाकडचा घालू नकोस हिला. गोळीचा असतो. मांसात छरे राहतात, शिशाचे. आजारी जनावराला ते नको."

मग त्याने बाही वर केली आणि मला सिंकपाशी उभं केलं.

"सुरी धर. अशी नाही. लोणी लावतेयस का?"

"मला बघवत नाही, सेप."

"डोळे मिटलेस तर ससा तसाच राहील आणि बोटं जातील. सांधा कुठे आहे ते बोटाने शोध. सापडला? तिथेच काप. हाड कापायचंच नाही, सांध्यातून सोडवायचं."

सांधा सापडला. सुरी नुसती आत गेली. पायाचा तुकडा सुटला आणि मला उगाच हसू आलं. सेपही हसला. मागचे दोन पाय, पुढचे दोन, पाठ, कलेजी वेगळी. कलेजीचा फार थोडा तुकडा, आठवड्यातून एकदाच, जास्त नाही. उरलेलं पिशव्यांत भरून बर्फात.

चहाला थांबतोस का विचारलं तर म्हणाला की बूट चिखलाचे आहेत. नव्हते. चांगले पॉलिश केलेले होते. कुठे दुसरीकडे जायचं असेल.

१४ ऑक्टोबर, रविवार

खात नाही. सशाच्या तुकड्याला हुंगते, नाक पुसते, निघून जाते. वाचनालयाची गाडी आली की फेरेटवरचं काही मिळतं का बघते. मागच्या खेपेला मिळालेल्या पुस्तकात लिहिलं होतं की फेरेट लहानपणी जे खातं त्यालाच जन्मभर अन्न समजतं. पण टॅन्सी लहानपणी ससाच खायची! क्लेमच्या हातचा. तो आजारी पडला तेव्हा मी पिशवीतलं सुरू केलं, सोपं पडलं म्हणून. म्हणजे विसरली कशी म्हणायची? मलाही विसरायला झालं होतं सांधा कुठे असतो. खरं तर मला तो कधी माहीतच नव्हता.

डोरीन जेवायला आली होती. क्लेमची बहीण. तिने फ्रीज उघडला आणि किंचाळली.

"अगं आयव्ही, हे काय? लोण्याच्या शेजारी प्रेत!"

"टॅन्सीचं आहे."

"तू स्वतः टोस्टवर दिवस काढतेस आणि त्या उंदराला ताजा ससा?"

"तो उंदीर नाही. आणि मी परवा दोन वाडगे रस्सा खाल्ला."

मग बशा पुसताना ती म्हणाली, "राग मानू नकोस. पण आमचे बाबा आजारी फेरेटला असं कुरवाळत बसायचे नाहीत. दुपारपर्यंत त्याचा जीव मोकळा करायचे. क्लेमनेही तेच केलं असतं."

ती गेल्यावर तेच डोक्यात फिरत राहिलं. क्लेम मऊ होता, पण जनावराला कुढत ठेवणारा नव्हता. मी हिच्यासाठी हे करते आहे की माझ्यासाठी?

१७ ऑक्टोबर

खाल्लं!

काल मांस बारीक वाटून कोमट पाण्यात कालवलं आणि बोटावर घेऊन तिच्या दातांना लावलं. थुंकली. पुन्हा लावलं. जीभ बाहेर काढून चाटली. असं नऊ वेळा. आज सकाळी बोट पुढे केलं तर तिने स्वतःहून चाटलं, मग बशीतलं चाटलं, मग बशीच ढकलत भिंतीपर्यंत नेली. वजन बारा ग्रॅम वाढलं. तक्त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं.

२४ ऑक्टोबर

आता तुकडे खाते, हाडासकट. डोळे मिटून, मान तिरकी करून, मागच्या दाताने कडाकड चावते. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी खोलीबाहेर गेले होते. आता बटाटे सोलता सोलता ऐकते.

सेप दर शुक्रवारी ससा देतो. त्याची स्वतःची फेरेटं तर मागच्याच वर्षी गेली, मग जाळीतले ससे मिळतात कुठे, विचारलं. पलीकडच्या खोऱ्यातल्या कुणाकडून आणतो म्हणाला. सात मैल आहे ते. त्या बाजूला त्याचं काही काम असणार.

तरी झटके आहेतच. सोमवारी पावणेसातला. आज साडेसहाला, मधाशिवाय उतरला. सकाळी अगदी चांगली असते. दुपारी खेळते, चारला माझ्याबरोबर बिस्किट खाते, आणि संध्याकाळ झाली की कुणीतरी दिवा मालवावा तशी होते. मी पुस्तकात शोधलं, संध्याकाळचा आणि स्वादुपिंडाचा काही संबंध लिहिलेला नाही. थंडीमुळे असेल. खोलीतली ऊब वाढवून बघते.

२९ ऑक्टोबर

ऊब वाढवून उपयोग नाही. काल आणि आज दोन्ही दिवस झटका. आजचा वाईट होता, चारही पाय ताणले गेले आणि ती ओरडली. तिचा तसा आवाज मी ऐकला नव्हता.

मला चुकल्यासारखं वाटतं पण काय चुकलं ते कळत नाही. सशाचं मांस ताजं आहे. हात धुते. औषध वेळेवर. तक्ता डोळ्यांत तेल घालून भरते. डॉ. मीरने आठवडाअखेर तक्ता बघितला आणि म्हणाली, "इतकं काटेकोर पथ्य मी कुणाचं बघितलं नाही. हे झटके थांबायला हवे होते." तिच्या आवाजात काळजी होती. ते वेगळं बोलणं जवळ आलं आहे.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

सेपला विचारलं, क्लेमने काय केलं असतं.

तो बराच वेळ ससा सोलत राहिला. मग म्हणाला, "क्लेमने काय केलं असतं मला माहीत नाही. क्लेम इथे नाही, आयव्ही. तू आहेस."

रुक्ष वाटलं ते. पण तो गेल्यावर मी बराच वेळ सिंकपाशीच उभी होते आणि मला बरं वाटत होतं.

डॉ. मीरने गुरुवारी फोन करते म्हणून सांगितलं आहे. तोवर महिना भरतो.

८ नोव्हेंबर, गुरुवार

लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

डॉ. मीरचा फोन सकाळी आला. तक्त्याचा मेळ बसत नाही म्हणाली. "तक्त्यात नसलेलं काही आहे का? कुठला शेजारी काही खाऊ घालतो? मांजराची बशी कुठे राहते?"

मी म्हटलं, मांजर नाही, शेजारी नाही. पण मी एक वही लिहिते, त्यात सगळं आहे.

"मग झटक्याच्या दिवसाचं वाचून दाखवता का? फक्त तो दिवस. काही गाळू नका."

मी चष्मा लावला आणि वाचू लागले. अकरा तारीख: फक्त औषध आणि चारचं बिस्किट, सात वाजता पाय लुळे. चोवीस तारीख: चारला माझ्याबरोबर बिस्किट खाते आणि संध्याकाळ झाली की

तिथे माझा आवाज बंद पडला.

डॉ. मीर हळूच म्हणाली, "कसलं बिस्किट, आल्डरसनबाई?"

"साधं गव्हाचं. गोड. अर्धंच."

"रोज?"

"रोज. ते जेवणात नाही हो. ते चहाचं असतं."

स्वतःच्या कानांनी ऐकलं मी ते. तक्त्यात चहाचा रकाना नव्हता म्हणून मी लिहिलं नव्हतं. लपवलं नव्हतं. दिवसभर ससा कापायचा, सांधे शोधायचे, हात धुवायचे आणि चार वाजता माझ्याच हाताने तिला पीठ आणि साखर द्यायची. अडीच तासांनी ती कोसळायची. मी वहीत महिनाभर तेच लिहीत होते आणि वाचत नव्हते.

डॉ. मीर रागावली नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं. "हे चांगलं झालं," म्हणाली. "कळलं ना? गाठ वाढलेली असती तर माझ्या हातात काही नव्हतं. बिस्किट तुमच्या हातात आहे."

माझ्या हातात आहे खरं. पण ते तसं सोपं नाही, आणि हे मी तिला फोनवर सांगू शकले नाही. क्लेम रोज चारला यायचा, बिस्किट मोडायचा आणि अर्धं माझ्या बशीत ठेवायचा. एकेचाळीस वर्षं. अख्खं बिस्किट कधी खाल्लं नाही आम्ही दोघांनी. त्याच्या मागे पहिल्या आठवड्यात मी सवयीने मोडलं, आणि दुसरा अर्धा तुकडा बशीत तसाच पडून राहिला. बघवेना. तेवढ्यात टॅन्सी कोचावर चढली आणि तो घेऊन गेली. त्या दिवसापासून उरलेलं अर्धं कधी बशीत पडून राहिलं नाही. मला वाटायचं की मी तिचे लाड करते.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

चार वाजता चहा केला. टॅन्सी आली, मांडीवर पंजे ठेवून बशीकडे बघत बसली. मी सकाळीच कोंबडीची काळजं, म्हणजे कलेजी नव्हे, इवलीशी हृदयं, आणून ठेवली होती, त्यातलं एक तिला दिलं. हुंगलं. पुन्हा बिस्किटाकडे बघितलं. नाकाने माझी बशी हलवली. असं बघू नकोस, मी म्हटलं, मलाही तेच हवं आहे.

शेवटी काळीज तोंडात धरून ती कोचाखाली गेली आणि चावण्याचा आवाज आला.

बिस्किट मी मोडलंच नाही. अख्खं खाल्लं. चहात बुडवून, सावकाश. एकटीने अख्खं खाल्लेलं हे पहिलंच.

साडेसहा वाजले. सात वाजले. ती खुर्चीखाली झोपली होती. मी दर पाच मिनिटांनी वाकून तिचं पोट हलतंय का बघत होते. काही झालं नाही.

सेपला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. त्याने टोपी काढली, हातात फिरवली आणि म्हणाला, "अर्धं बिस्किट. हूं." मग बाहेर जाऊन नळाखाली सुऱ्या धूत बसला. दोनच सुऱ्या होत्या, पण पंधरा मिनिटं धूत होता.

१५ नोव्हेंबर

सहा दिवस, एकही झटका नाही. तक्त्यात मी पेनाने एक नवा रकाना आखला आहे: चहा. त्यात रोज लिहिते, 'काळीज एक.'

डोरीनला फोनवर सांगितलं. "म्हणजे इतके दिवस तूच तिला पाडत होतीस?" म्हणाली. डोरीनला मऊ बोलता येत नाही. पण मग थांबून म्हणाली, "मी रविवारी कोंबडीच्या माना घेऊन येते. आमचा खाटीक फुकट देतो. आणि तू मला तो रस्सा करून घाल."

२१ नोव्हेंबर, बुधवार

रक्त तपासलं. चार पूर्णांक तीन.

डॉ. मीरने कागद माझ्यापुढे ठेवला आणि आकड्याखाली रेघ ओढली. गाठ आहे, ती राहणार, औषध पुढेमागे वाढवावं लागेल. किती दिवस, असं मी विचारलं. वर्ष, कदाचित जास्त, कदाचित कमी, म्हणाली. "पण ते वेगळं बोलणं आत्ता नको."

येताना बसमध्ये टोपली मांडीवर होती. झाकणाच्या फटीतून टॅन्सीचं नाक बाहेर येत होतं. समोरच्या बाईने विचारलं, मांजर आहे का. मी म्हटलं, फेरेट. तिने पाय आखडून घेतले.

२ डिसेंबर, रविवार

आज दुपारी टॅन्सीच्या बशीतलं अर्धवट खाल्लेलं हाड उचलायला गेले आणि तिने माझा अंगठा धरला. नुसता दात लावला नाही, चांगला चावला. रक्त आलं. गेले दोन महिने तिच्यात माणसाला असं चावायची ताकद नव्हती. सोडायलाच तयार नव्हती ती. आणि मी सिंकपाशी उभी राहून, अंगठ्याला लोंबणारं ते लांबुळकं जनावर घेऊन, हसत होते.

सेप दारात होता. आज रविवार, शुक्रवार नव्हे, आणि हातात ससाही नव्हता.

"काय झालं गं?"

"चावली."

"जोरात?"

"हाडापर्यंत."

"वा!" म्हणाला तो, आणि एवढा खूश झाला की बूट न पुसता आत आला. त्याने अंगठा बांधून दिला. मग पट्टीची गाठ मारता मारता, खाली बघतच म्हणाला की येत्या शनिवारी तो वरच्या कुरणात जाळी लावणार आहे, पलीकडच्या खोऱ्यातल्या माणसाचं फेरेट आणून. एक हात कमी पडतो. तीस वर्षांत त्याला कुणाला मदतीला बोलवावं लागलं नव्हतं, त्यामुळे नीट विचारता आलं नाही बिचाऱ्याला.

"मला जाळी लावता येत नाही," मी म्हटलं.

"सांधाही येत नव्हता."

शनिवारी जाते आहे. चारच्या आत परत यायचं, हे त्याला आधीच बजावलं आहे. टॅन्सीचं खाणं चुकता कामा नये.